बरणीतले वाढणारे मीठ

१९ मे, सकाळी ६ वाजून १० मिनिटे. बरणीसह मीठ ४१२.६ ग्रॅम.

आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच काट्यावर, तीच बरणी ४०९.१ ग्रॅम भरली होती. मधल्या चोवीस तासांत त्या मिठातून माझा दोन वेळचा स्वयंपाक झाला होता. वजन उतरायला हवे होते. ते साडेतीन ग्रॅमने चढले होते.

मी काटा शून्यावर आणून पुन्हा तोलले. तेवढेच. मीठ हवेतली ओल धरते हे खरे, पण मे महिन्यातल्या जबलपूरच्या हवेत ओल कुठून येणार? मग ज्याचे वजन मला पाठ आहे असा एक स्टीलचा चमचा तोलला. तो बरोबर निघाला. उपकरणात दोष नाही असे ठरले की संशय उपकरण वापरणाऱ्यावर जातो. त्या दिवसांत माझी स्वतःची साक्ष मीच ग्राह्य धरली नसती. मी आकडा वहीत लिहिला, पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि बरणी जागेवर ठेवली.

थायरॉइडच्या कर्करोगानंतर ज्यांच्या हातात ‘कमी आयोडीनचा आहार’ असे शीर्षक असलेला कागद पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. तो कागद एका पानाचा असतो. काय खावे, काय टाळावे हे त्यावर नेमके दिलेले असते. आपले घर मात्र त्या कागदावर नसते.

मान

फेब्रुवारीत मी ओळखपत्राचा फोटो काढायला कमानिया गेटजवळच्या एका दुकानात गेले होते. सत्तावीस वर्षे वय, रसायनशास्त्रातल्या पीएच.डी.चे शेवटचे वर्ष, जुलैत प्रबंध सादर करायचा. डोक्यात तेवढेच होते. फोटोग्राफर म्हणाला, “दीदी, गर्दन सीधी रखिए.” मी सरळ बसले. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने काही न बोलता कॅमेऱ्याचा पडदा माझ्याकडे वळवला. मान सरळच होती. तिची एक बाजू भरलेली होती, आणि त्यामुळे ती कलल्यासारखी दिसत होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी टेबलावर अहवाल ठेवला आणि हा ‘चांगला कॅन्सर’ असल्याचे सांगितले. हे शब्द तुम्हालाही ऐकावे लागतील. ते धीर देण्यासाठीच उच्चारलेले असतात, आणि बव्हंशी खरेही असतात. पण ज्याला तो झाला आहे त्याला त्यानंतर घाबरायची परवानगी उरत नाही. मी सात प्रश्न लिहून नेले होते, ते विचारले. आईने एकच विचारला, “हिला आता खायला काय द्यायचं?” बाबा माझ्या मानेकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात मला वडील कुठे दिसेनात.

बाबांनी एकतीस वर्षे आरोग्य खात्यात काम केले. मंडला-डिंडोरीकडच्या खेड्यांत जाऊन ते लोकांच्या माना तपासत. गलगंडाला तिकडे घेंघा म्हणतात. मग ते त्या घरातले मीठ मागवत आणि खिशातल्या कुपीतून त्यावर एक थेंब टाकत. मीठ निळे झाले तर त्यात आयोडीन आहे. पांढरे राहिले तर ते उकिरड्यावर जात असे. निवृत्तीनंतरही ते ओळखीच्या आरोग्यसेविकेकडून, आशा दीदीकडून, नवी कुपी आणवून घेत आणि घरात येणारे प्रत्येक पाकीट तपासत. मी रसायनशास्त्राकडे वळले ती त्या निळ्या रंगामुळे.

रुग्णालयातून परतताना ते एवढेच म्हणाले, “आपल्या घरात तर बिना आयोडीनचं मीठ कधी आलंच नाही.” मला वाटले, त्यांना धक्का बसला आहे. ते स्वतःची बाजू मांडत होते, हे तेव्हा उमगले नाही.

दोन उपास

मार्चमध्ये नागपूरच्या एका रुग्णालयात थायरॉइड ग्रंथी आणि शेजारच्या काही गाठी काढल्या. आवाज पाच दिवसांनी परत आला, पण खालच्या पट्टीत. मी तिथून घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारले, “जी, कौन बोल रही हैं?” मी नाव सांगितले.

पुढचा टप्पा किरणोत्सारी आयोडीनचा. शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशी आयोडीनला हपापलेल्या असतात. त्यांना आधी उपाशी ठेवायचे आणि मग विषारी घास द्यायचा, इतका तो साधा डाव आहे. त्यासाठी ग्रंथीऐवजी सुरू केलेली रोजची हार्मोनची गोळी काही आठवडे बंद करतात आणि जेवणातले आयोडीन तोडतात. घास देण्याचा दिवस २८ मे ठरला होता.

गोळी बंद झाल्यावर जे होते त्याला ‘थकवा’ म्हणतात. हा शब्द अपुरा आहे. बाहेर त्रेचाळीस अंश असताना मी अधारतालच्या आमच्या घरात कूलर बंद करून स्वेटर घालून बसत असे. नाडी मिनिटाला सेहेचाळीस. चेहरा सुजून गुळगुळीत झालेला. सकाळी आरशात पाहिले की तिथली बाई माझ्यापेक्षा किंचित उशिरा हलते असे वाटे. एकदा मी नळ सोडून त्याखाली हात धरला. आईने हाक मारली तेव्हा बादली भरून वाहून न्हाणीघरभर पाणी झाले होते आणि घड्याळात वीस मिनिटे गेली होती. वहीत माझ्या अक्षरात नोंदी सापडत. त्या केल्याचे मला आठवत नसे.

शेजारच्या आंटी दारातून डोकावून म्हणाल्या, “बिटिया, अब तो तबीयत अच्छी दिख रही है, मुँह भर गया है.”

आईने कागद फ्रिजवर चिकटवला. दूध, दही, पनीर, अंड्याचा बलक, सोयाबीन, बेकरीचे पदार्थ, बाहेरचे काहीही बंद. मीठ आयोडीन नसलेलेच. त्याची दोन पाकिटे नागपूरहूनच आणली होती. एक फोडून वेगळ्या बरणीत भरले, दुसरे बंदच ठेवले. दिसायला ते घरातल्या मिठासारखेच, पांढरेशुभ्र.

“उपासाचं मीठ तर चालते ना?” आईने विचारले.

“पाकिटावर वाच.”

तिने चष्मा लावला. “आयोडीन युक्त,” तिने वाचले आणि पाकीट उलटे करून पुन्हा वाचले. “म्हणजे नवरात्रात आम्ही हेच खाऊन राहिलो होतो?”

“खाल्लंस तर बिघडलं नाही. मला चालत नाही एवढंच.”

“तुला काय चालते ते सांग बाई. नाही ते पाठ झालं माझं.”

भात, ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, साल काढलेले बटाटे, दुधी, टरबूज, घरी भाजलेले शेंगदाणे, गूळ, कोरा चहा. यावर माणूस व्यवस्थित जगतो. वरणावर लिंबू आणि हिरवी मिरची थोडी जास्त असली की दुधादह्याची आठवण येत नाही. प्रयोगशाळेतून आणलेल्या काट्यावर मी प्रत्येक जिन्नस तोलत होते, कारण तोलणे हे माझ्या हाती उरलेले एकच काम होते. तसेच ते मीठही तोलू लागले.

रेघ

२० मेला बरणी ४०८.० ग्रॅम. २१ मेला ४११.४.

त्या संध्याकाळी आईचा स्वयंपाक झाल्यावर मी बरणीच्या झाकणावर आणि काचेवर मिळून एक सरळ पेन्सिलची रेघ ओढली. सकाळी सहाला पाहिले तर झाकणावरची रेघ काचेवरच्या रेघेपासून बोटभर सरकलेली होती. मधल्या वेळात कोणी तरी बरणी उघडली होती.

घरात तीन माणसे. त्यांतले एक मी, आणि मी काय काय करते याची मला खात्री नव्हती. न आठवणाऱ्या नोंदी माझ्याच होत्या. नळही मीच सोडला होता. ओट्यापाशी उभी राहून मी स्वतःच्या हातांकडे पाहिले. बोटांना मीठ लागले आहे का, हे मी जिभेने तपासले. हा प्रकार मी कोणाला सांगितला नाही. आजारात अशी भीती वाटली तर तुम्ही मात्र सांगा.

दुपारी नागपूरहून डॉक्टर मॅडमचा फोन आला. दोन दिवसांपूर्वी दिलेल्या लघवीच्या नमुन्यात आयोडीन दोनशे अडतीस निघाले होते.

“केतकी, कुठून तरी आयोडीन जातंय. आकडा शंभरच्या आत हवा.”

“मी सगळं तोलून खाते, मॅडम.”

“मला विश्वास आहे. पण या आकड्यावर डोस दिला तर पेशी तो घेणार नाहीत. वाया गेलेला डोस लगेच पुन्हा देता येत नाही. आधी शोध, कुठून जातंय.”

बाबांची जुनी खाकी पिशवी दारामागच्या खुंटीवर असते. त्यातून मी कुपी काढली. एका पांढऱ्या बशीत बंद पाकिटातले मीठ घेतले, दुसरीत बरणीतले. पहिल्या बशीवर थेंब टाकला. पांढरे ते पांढरेच राहिले. दुसऱ्या बशीवर टाकला. क्षणभर काहीच झाले नाही. मग एक ठिपका उमटला, टाचणीच्या टोकाएवढा, जांभळट निळा. त्याच्या शेजारी दुसरा. मग पंधरा-वीस. कण कण निवडून कोणी तरी बशीत पेरले होते.

“रंग आला?”

बाबा दारात उभे होते. खेड्यातल्या लोकांना विचारताना जो स्वर लावत असतील, अगदी तोच.

“आला,” मी म्हटले.

“मी टाकत होतो.”

“किती?”

“अर्धा चमचा. कधी एक. सकाळी पाच वाजता, तू उठायच्या आधी.”

“काहून बाबा?”

ते आत येऊन स्टुलावर बसले. दोन्ही बशा नीट पाहिल्या. “तू थंडीनं कुडकुडून राहिली आहेस. सुजली आहेस. बोलणं जड झालं, विसरून राहिली आहेस. केतकी, असे लोक मी पाह्यले आहेत, गावंच्या गावं. आयोडीन कमी पडलं की अस्संच होते.”

“हे गोळी बंद आहे म्हणून होतंय. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलं होतं.”

“सांगितलं. मी ऐकलं, समजलं पण. एकतीस वर्षं मी बायकांच्या हातचं मीठ फेकून दिलं. त्या रडायच्या, मी म्हणायचो, तुमच्या पोरीचा गळा फुगेल. अन् आता माझ्या पोरीच्या गळ्याचा रोग, अन् माझ्याच घरात बिना आयोडीनची बरणी. मला पाहवत नव्हतं.”

त्यांचे निरीक्षण अचूक होते. लक्षणे तीच होती. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र माझा जीव धोक्यात घालणारा होता. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मला आज लिहिता येते. तेव्हा मी त्या नव्या, खालच्या पट्टीतल्या आवाजात म्हणाले, “तुम्ही माझा नमुना खराब केलात.”

मी स्वतःलाच नमुना म्हटले होते. आईला ते आधी कळले. भाजी चिरता चिरता ती उठली, दोन्ही बशा मोरीत रिकाम्या केल्या आणि म्हणाली, “झाली दोघांची प्रयोगशाळा? चलो, आता जेवून घ्या. एक म्हणते तोलून खाईन, एक म्हणते लपून टाकीन. अन् रांधणारीला कोणी विचारत नाही.”

तीन आठवडे

डोस १७ जूनवर गेला. बरणीत दुसऱ्या पाकिटातले मीठ भरले. तीन आठवडे आणखी थंडी, आणखी सूज. प्रबंधाची तारीख टळली. मार्गदर्शकांना पत्र लिहिताना एका परिच्छेदाला मला सबंध दुपार लागली.

बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणे बंद केले. पाणीसुद्धा कोणी आणून दिले तरच पीत. पहाटे पाचला त्यांच्या चपलांचा आवाज ओसरीपर्यंत येई, उंबऱ्यापाशी थांबे आणि परत फिरे. मी जागी असे. त्या थांबण्याची मी वाट पाहत असे, आणि ते किती सेकंद टिकते ते मनात मोजत असे. एकदा चाळीसपर्यंत पोचले.

दुसऱ्या नमुन्यात आयोडीन चौपन्न निघाले.

किरणोत्सारी आयोडीनची गोळी शिशाच्या जाड डबीत येते. ती आणणारी माणसे आडोशामागे उभी राहतात आणि तुम्ही एकट्याने ती गिळायची असते. मग दार बंद. जेवण दाराशी ठेवून पावले लगबगीने दूर जातात. भिंतीतल्या ध्वनिक्षेपकातून कोणी तरी पाणी प्या म्हणते. लिंबाच्या गोळ्या चघळत राहा, लाळग्रंथींसाठी त्या आवश्यक असतात. पुस्तक न्या, पण ते परत आणता येईलच असे धरू नका. शरीरात काही जाणवत नाही, आणि तेच कठीण जाते. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ मोजणीयंत्र घेऊन आला तेव्हा मी आकडा विचारला. तो म्हणाला, “आज बरं आहे, मॅडम. काल तुम्ही दाराबाहेरूनच ऐकू येत होता.” त्याला यंत्राची टकटक अभिप्रेत होती.

घरी आल्यावर दोन आठवडे अंतर पाळायचे होते. बाबांनी माझ्या खोलीबाहेर फरशीवर टेप लावून मोजले आणि दोन मीटरवर खडूची रेघ ओढली. रेघेपलीकडे खुर्ची ठेवली. पहिल्या संध्याकाळी ते तिथे येऊन बसले. मेनंतर प्रथमच.

“दोन मीटर आहे ना बरोबर?”

“आहे.”

“सोपं जाऊन राहिलं,” ते म्हणाले. “जवळून तुझ्याशी बोलायची हिंमत होत नव्हती.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “हे तीन आठवडे गेले, त्यात ते वाढलं असेल काय?”

“नाही. हा फार हळू चालणारा रोग आहे. तीन आठवड्यांनी काही होत नाही.”

“हे तू म्हणतेस की डॉक्टर?”

“दोघी.”

ते रेघेकडे पाहत राहिले. त्यांना ते पटलेले नव्हते.

आताचे खाणे

पहाटे ५ वाजून ४० मिनिटांनी हार्मोनची गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा तासाभराने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे किमान चार तासांचे अंतर. नाहीतर सकाळची गोळी अंगी लागत नाही. सोयाबीन वर्ज्य नाही, फक्त गोळीच्या जवळपास नको. रोज चाळीस मिनिटे चालणे. कोबी-फुलकोबी शिजवून बिनधास्त खाते. याविषयी नातेवाईक जे संदेश पाठवतात ते वाचावेत आणि डॉक्टरांना विचारावे. आहारात एवढाच बदल उरला आहे.

खरा बदल आयोडीनचे मीठ पुन्हा सुरू झाल्यावर कळला. बंधन संपले होते. आईने पोहे केले, दही वाढले. मला घास गिळता येईना. मी बरणी तोलत राहिले, जुलैत, ऑगस्टमध्ये, कारण उरले नसतानाही. पाण्याचा पेला समोर आला की तो कोणी भरला ते विचारत असे. एके दिवशी आईने पेला माझ्या हातातून काढून घेतला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला परत दिला. “आता पी,” ती म्हणाली. “अन् हे रोज करायला लावू नको. आम्ही तुझ्या घरी पाहुणे नाही आहो.”

सप्टेंबरात मी काटा प्रयोगशाळेत परत नेला. शरीर बरे होण्याचे वेळापत्रक डॉक्टर देतात. घरातल्या माणसांच्या हातचे निर्धास्तपणे खाण्याचे कोणी देत नाही. त्याला वेळ लागला तर स्वतःला कृतघ्न समजू नका.

डिसेंबर

सहा महिन्यांनी रक्तातले थायरोग्लोब्युलिन, म्हणजे फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, तपासतात. ग्रंथीच नसल्यामुळे ते सापडायला नको. मॅडमनी आधीच समजावले होते: माझ्या बाबतीत आकडा ०.२ च्या खाली असला तर उत्तम. एकच्या वर असला तर शोध घ्यावा लागेल. मधे असला तर दोन्हीपैकी काहीच नाही. थांबायचे आणि पुन्हा मोजायचे.

बाबांना हे मीच सांगितले होते. पण त्यांनी त्यातून एकच शब्द उचलला होता, शून्य. त्यांच्या लेखी शून्य आला तर ते तीन आठवडे माफ होते.

अहवाल फोनवर आला तेव्हा ते अंगणात उन्हात बसून मटार सोलत होते. आमच्याकडे डिसेंबरात घरोघरी मटारांचे ढीग असतात. आई बाजारात गेली होती. मी पायरीवर बसून अहवाल उघडला, वाचला, आणि नावाच्या रकान्यात माझेच नाव आहे का ते पाहिले.

“आला?” त्यांनी मान वर न करता विचारले.

“आला.”

“शून्य?”

हो म्हणणे अगदी सोपे होते. त्यांनी अहवाल मागितला नसता. ते दोन रात्री झोपलेले नव्हते हे मला ठाऊक होते. माझ्या भल्यासाठी कोणी माझ्यापासून काही लपवले तर काय होते, हेही मला ठाऊक होते.

“नाही बाबा. शून्य नाही.”

शेंग त्यांच्या हातात अर्धी उघडी राहिली. “माझ्यामुळे?”

“मला नाही वाटत. डॉक्टरांनाही नाही वाटणार. पण ते मोजून दाखवायला माझ्याकडे काही नाही.”

“म्हणजे कधीच नाही कळणार.”

“नाही.”

अंगणात ऊन होते. त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले, हात धोतराला पुसले आणि पायरीवर, मला खेटून येऊन बसले. “मग खरा किती तो सांग,” ते म्हणाले.

मी आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वहीत लिहिला.

१४ डिसेंबर, सकाळी ११ वाजून ३५ मिनिटे. थायरोग्लोब्युलिन ०.६.